पिवळं टोक

किडनी ट्रेमध्ये एक दाढ पडली आहे. मुळासकट. शेजारी कुणीतरी अर्धा प्यायलेला चहा ठेवलाय.

*

लोखंडी फाटकाचं एक दार तयार आहे. दुसऱ्याला अजून सहा गज जोडायचेत. वेल्डिंगचा चष्मा जमिनीवर पालथा. तिघे भाऊ काम आहे तसं टाकून उठले.

*

“अहो, हा शर्ट आता फडक्याच्याही लायकीचा राहिला नाही. तुमच्या त्या औषधाचे शिंतोडे उडतात आणि रंगाचं पार वाटोळं होतं. हिरवा म्हणून शिवला होता ना? बाह्या बघा. पिकल्या पानासारख्या झाल्यात.”

*

‘…वापरादरम्यान सदर साधनाच्या टोकाचा भाग सुटून श्वासनलिकेत अडकण्याची शक्यता आढळून आल्याने…’

*

“मामा, माझे दात आत्ताच मोजून ठेवा. परत येताना तेवढेच हवेत.”

*

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं, तर दोरा नळीमामाचा घ्यावा लागेल.

नळीमामा म्हणजे इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमधला तंत्रज्ञ. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या उजव्या हाताला उभं राहायचं आणि मागितलेली वस्तू मागायच्या आत हातात ठेवायची, हे काम त्याने बावीस वर्षं केलं. भूल चढली की माणसाचा श्वास थांबतो. मग डॉक्टर जबडा उघडतो, लोखंडी पात्याने जीभ बाजूला दाबतो आणि घशातून श्वासनलिकेत नळी सरकवतो. बघणाऱ्याला वाटावं, माणसाला वाचवतायत की त्याच्यावर सूड उगवतायत. ओठ फाटतात. दात हलतात. बावीस वर्षांत नळीमामाने एवढे घसे पाहिले होते, की बाजारात ओळखीचं कुणी भेटलं तर त्याला चेहऱ्याआधी पडजीभ आठवायची.

काही घसे मात्र हट्टी. मान आखूड, जबडा लहान, आत काही दिसायलाच तयार नाही. अशा वेळी आधी एक लांब, वाकणारी कांडी आत घालतात. तिच्या टोकाला प्लॅस्टिकचं मऊ बोंड असतं. ती आत गेली की तिच्यावरून नळी सरकवायची आणि कांडी ओढून घ्यायची. तिला इस्पितळात सगळे ‘तार’ म्हणत. पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असायचं. ते पाकीट फाडून टाकायचं, तार वापरायची, धुवायची, रात्रभर जंतुनाशकात बुडवून ठेवायची, सकाळी पुसून पुन्हा ट्रेमध्ये. असं नळीमामाच्या आधीचा माणूस करायचा, म्हणून नळीमामाही करायचा. त्याचा ट्रे आरशासारखा लख्ख असे. घाईच्या वेळी पाकिटं फाडत बसायला नको, म्हणून नव्या ताराही तो आल्या दिवशीच पाकिटाबाहेर काढून ठेवी. याचं त्याला कौतुक होतं. इतरांनाही होतं.

मंगळवारी त्याला भांडारातून बोलावणं आलं.

भांडारावरच्या माणसाला सगळे कुलूप म्हणत. वस्तू आत घेताना हसायचा, बाहेर देताना त्याच्या पोटात कळ यायची.

“ये, नळीमामा,” कुलूप म्हणाला. “कंपनीचं पत्र आलंय. तारा परत मागवल्यात. टोक तुटतं म्हणे.”

“कुठल्या तारा?”

कुलूपने मागच्या फळीवरचं एकुलतं एक खोकं ओढलं, एक पाकीट फोडलं, तार बाहेर काढली. टोक पोपटासारखं हिरवं. “ह्या. हिरव्या टोकाच्या. तुझ्याकडच्या सगळ्या हिरव्या काढ आणि आणून दे.”

“पत्र बघू.”

“का? परीक्षेला बसायचंय? इथे सही कर. ‘वाचले, अंमलबजावणी केली.’”

“अजून केली कुठे?”

“मग काय, करणार नाहीयेस?”

नळीमामाने सही केली.

शितावरून भाताची परीक्षा करतात, ती अशी. नाही म्हणायला, पुढचं काम त्याने डोळ्यांत तेल घालून केलं. थिएटरचे दोन्ही कप्पे, भिंतीतलं कपाट, अपघात विभागाची लाल बॅग, सगळं पालथं घातलं. पाच हिरव्या तारा निघाल्या. पाचही वर्तमानपत्रात गुंडाळून कुलूपच्या हवाली केल्या. मागे तीन उरल्या, पिवळ्या टोकाच्या. त्या कधी आल्या हे काही त्याला आठवेना. जुन्या असतील. दोन थिएटरच्या ट्रेमध्ये ठेवल्या, एक लाल बॅगेत. जुनं ते सोनं, असंही मनात आलं.

*

गुरुवारी सकाळी टेबलावर एक मुलगी होती. सव्वीस वर्षांची. आतड्याच्या शेपटाला, म्हणजे अपेंडिक्सला सूज, तासाभराचं काम. तिचे तीन भाऊ फाटकं-खिडक्यांचं लोखंडकाम करायचे. सकाळी तिला टेम्पोतून आणून सोडलं तेव्हा मागे गज तसेच खडखडत होते. ‘तू आत जा, आम्ही फाटक संपवून येतो’ म्हणून परत गेले होते.

“मामा, माझे दात आत्ताच मोजून ठेवा,” ती म्हणाली. “परत येताना तेवढेच हवेत. आमचा थोरला दादा हिशेब मागेल.”

“आ कर,” नळीमामा म्हणाला, आणि खरंच मोजले. “अठ्ठावीस. अक्कलदाढा नाहीत.”

“त्या आमच्या घरात कुणालाच नाहीत.”

भूल देणारी डॉक्टरीण मास्कच्या आड हसली. वयाने नळीमामाच्या मुलीएवढी, पण हात पक्का. त्याला ती ‘मामा’ म्हणायची आणि अहो-जाहो करायची. तो तिला मॅडम म्हणायचा.

मुलीची मान आखूड होती. जबडा लहान. मॅडमने पातं आत घातलं, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“मामा, तार.”

मागायच्या आत तार हातात होती.

तार गेली, तिच्यावरून नळी गेली, तार बाहेर आली. नळीमामाने ती घेतली आणि बाजूच्या तबकात टाकली. टोकाकडे पाहिलं नाही. कशाला पाहील? बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमने नळीला हवेची पिशवी जोडून दाबली. पिशवी दगडासारखी घट्ट. छाती हलेना.

“नळी चुकली का?”

“नाही मॅडम, आतच आहे.”

पुन्हा दाबली. मुलीचे ओठ जांभळे, मग राखाडी. यंत्राचा आवाज खाली खाली उतरत गेला, आणि मग एकच सरळ किंकाळी. त्यानंतर जे झालं त्यात हळुवार असं काही नव्हतं. ऑपरेशन करायला आलेले मोठे डॉक्टर तिच्या छातीवर अख्खं वजन टाकून दाबत होते. तिसऱ्या की चौथ्या दाबाला बरगडी मोडली. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला आणि कुणी थांबलं नाही. नळीमामाने दाबलं, सिस्टरने दाबलं, पुन्हा मोठ्या डॉक्टरांनी. मॅडमने नळी उपसून काढली, दुसरी घातली, पण तोवर फार उशीर झाला होता. सव्वीस वर्षांचं शरीर टेबलावर उड्या मारत होतं आणि त्यातली एकही उडी त्याची स्वतःची नव्हती.

चाळीस मिनिटांनी थांबले.

मोठे डॉक्टर बाहेर गेले. बऱ्याच वेळाने मॅडमने उपसलेली नळी उचलली आणि उजेडात धरली. तोंडाशी वाटाण्याएवढं काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने काढून तिने हातमोज्यावर ठेवलं.

“मामा, हे काय?”

नळीमामाला आधी मंगळवारचं पत्र आठवलं. मग रंग दिसला, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

“पिवळं आहे, मॅडम. हिरव्या मी मंगळवारीच काढल्या होत्या.”

“कसल्या हिरव्या?”

पत्र तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तो सांगायला लागला, पण तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मोठ्या डॉक्टरांनी भावांना फोन करून बोलावून घेतलं होतं, आणि दारात उभं राहून तीन वाक्यांत सांगितलं होतं. हृदय थांबलं. प्रयत्न केले. माफ करा. मग ते कागद भरायला आत वळले. भाऊ टेम्पोकडे गेले होते, ते आता परत आले होते.

*

‘…कृपया सदर साधनाचा वापर तात्काळ थांबवावा…’

पहिली काच फुटली ती दाराची.

मधल्याच्या हातात फाटकाचा गज होता. धाकटा रिकाम्या हाताने आला होता. त्याने भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उपटलं आणि नोंदीच्या टेबलावर घातलं. संगणक, फुलदाणी, चष्मे, सगळं एका फटक्यात. थोरला ओरडत नव्हता. तो नुसता येत होता, त्यामुळे लोक त्यालाच जास्त घाबरून बाजूला होत होते. पहारेकऱ्याने हात आडवा केला. धाकट्याने त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. पहारेकरी भिंतीला रक्ताची रेघ ओढत खाली बसला.

“आत थांबा, मॅडम,” नळीमामा म्हणाला. “दार लावतो.”

“त्यांची बहीण गेलीय, मामा. मीच सांगते.”

“ते ऐकायला नाही आलेत!”

ती बाहेर गेली. दोन्ही हात वर करून, रिकामे तळवे दाखवत. “तुमच्यातला थोरला कोण?” तिने विचारलं. एवढंच बोलली. मधल्याने गज फिरवला. कदाचित तो काचेवर फिरवायचा होता, कदाचित दारावर. लोखंडाला डोळे नसतात. गज तिच्या गळ्यावर आडवा बसला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज.

ती गुडघ्यांवर आली. दोन्ही हात गळ्याला. तोंड उघडं, आणि आत-बाहेर काहीच जात नव्हतं. शीळ घातल्यासारखा एक बारीक आवाज येत होता. त्या शिट्टीचा अर्थ त्या व्हरांड्यात दोघांनाच कळला, तिला आणि नळीमामाला. गळा आतून सुजत चाललाय. दोन-तीन मिनिटं.

नळीमामा तिच्याकडे झेपावला. थोरल्याने त्याला वाटेतच पकडलं, भिंतीवर दाबलं, कोपर गळ्यात रुतवलं.

“तू आत होतास?”

“सोडा मला, ती मरेल…”

“आमचीही मेली. तू आत होतास का?”

*

‘…आपल्या साठ्यातील उर्वरित नग वेगळे काढून…’

मोठे डॉक्टर धावत आले, मॅडमला आडवं केलं. सिस्टरने लाल बॅग आणली. मधला भाऊ गज हातात धरून तसाच उभा होता, आपण काय केलं ते बघत. धाकटा अजून कपाटं फोडत होता.

“पातं,” मोठे डॉक्टर म्हणाले. आत घातलं. “काही दिसत नाहीये. रक्त आहे. सगळं सुजलंय.”

नळीमामाचा हात थोरल्याच्या मनगटाला धरून होता, पकड सोडवायला. स्वतःची बाही त्याच्या डोळ्यांसमोर होती, वीतभर अंतरावर. हिरवा शर्ट. बायकोने वर्षापूर्वी शिवून घेतलेला. आणि बाहीच्या टोकाला, जिथे रोज जंतुनाशकाचे शिंतोडे उडायचे, तिथे तो हिरवा नव्हता.

पिवळा होता.

रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं दिसत नाही. त्याने रोज संध्याकाळी त्या तारा बुडवल्या होत्या, रोज सकाळी पुसल्या होत्या, आणि कुठल्याही एका सकाळी त्या पिवळ्या झाल्या नव्हत्या. न वापरलेल्या पाच हिरव्या त्याने परत केल्या. त्याच खोक्यातल्या, वीस-वीस वेळा धुतलेल्या तीन ठेवून घेतल्या. वाईटातल्या सगळ्यांत वाईट तीन. वेचून.

“तार द्या,” मोठे डॉक्टर म्हणाले.

सिस्टरने लाल बॅगेत हात घातला. पिवळं टोक बाहेर आलं.

त्याने ओरडायचा प्रयत्न केला. गळ्यावरच्या कोपराने आवाज चिरडला. मग त्याने एक गोष्ट केली, जी बावीस वर्षांत कधीच केली नव्हती. समोरच्या माणसाच्या दंडात दात रुतवले. रक्ताची चव येईपर्यंत. थोरल्याचं कोपर सुटलं.

“ती तार नको! डॉक्टर, ती नको! तीच तुटली! आत्ता त्या मुलीच्या घशात तीच तुटली!”

मोठ्या डॉक्टरांचा हात हवेत थांबला.

“पिवळी वेगळी ना?” सिस्टर म्हणाली. “तुम्हीच म्हणालात…”

“वेगळी नाही! हिरवीच आहे ती. माझ्या हाताने पिवळी झाली. मी ठेवली! टाका ती!”

तार जमिनीवर पडली. मोठ्या डॉक्टरांनी सुरी मागितली. मॅडमच्या गळ्यावर बोटाने एक जागा चाचपली आणि सरळ कापलं. रक्त त्यांच्या चष्म्यावर उडालं. कापलेल्या भोकात त्यांनी करंगळी घातली, मग तिच्यावरून लहान नळी ढकलली. आधी रक्ताचे बुडबुडे, मग खोकला, मग हवा. तिच्या छातीने एकदा उचल खाल्ली. दुसऱ्यांदा खाल्ली.

नळीमामाने हे पाहिलं. त्यानंतरचं त्याला नीट दिसलं नाही, कारण धाकटा कपाट सोडून इकडे वळला होता.

*

‘…झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

पहिला ठोसा जबड्यावर. दाढ तिथेच निखळली.

“कुणी ठेवली म्हणालास?”

“मी.”

दुसरा पोटात.

“माहीत होतं तुला?”

“टोक तुटतं हे माहीत होतं. हीच ती, हे माहीत नव्हतं.”

“खोटं बोलतोस!”

तो खाली पडला. धाकट्याने त्याचा उजवा हात जमिनीवर बुटाखाली धरला, ज्या हाताने मागायच्या आत वस्तू दिली जायची तो, आणि टाच फिरवली. एक बोट. मग तीन. नळीमामा ओरडला, पण हात ओढून घेतला नाही. का नाही घेतला, हे पुढे चौकशीत कुणी विचारलं नाही. मधला आता रडत होता आणि रडत-रडतच लाथा घालत होता, बरगडीत, पाठीत, जिथे लागेल तिथे. एक लाथ चुकून भावालाच बसली. नळीमामाला बरगडी मोडल्याचा आवाज आला. आज दुसऱ्यांदा. या वेळी आतून.

“बस,” थोरला म्हणाला.

“दादा, यानेच…”

“बस म्हटलं ना!” त्याने धाकट्याच्या मानगुटीला धरून मागे खेचलं, मधल्याच्या हातातला गज काढून घेतला. दंडातून रक्त गळत होतं. तो नळीमामाशेजारी उकिडवा बसला आणि गज स्वतःच्या मांडीवर आडवा ठेवला. “त्या डॉक्टरने आम्हाला काय सांगितलं माहितीय? हृदय थांबलं. सव्वीस वर्षांच्या पोरीचं हृदय, म्हणे, थांबलं.” मग भावांकडे वळला. “इथे अख्ख्या इमारतीत खरं बोलणारा हा एकच निघाला. हा मेला तर पुढे कोण बोलणार?”

नळीमामाने तोंडातलं रक्त थुंकलं. “अठ्ठावीस होते,” तो म्हणाला.

“काय?”

“दात. तिने मोजायला सांगितले होते. तू हिशेब मागशील म्हणाली.”

थोरल्याने गज उचलला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, झालं, आता संपला नळीमामा. गज त्याच्या कानाशेजारी फरशीवर आदळला. फरशी फुटली. आणखी एकदा. आणखी एकदा. फरशीचे तुकडे नळीमामाच्या गालात घुसत होते आणि थोरला मारतच राहिला, पोलीस येईपर्यंत, त्याच एका जागी.

*

सतराव्या दिवशी मॅडम स्वतःच्या पायांनी वॉर्डात आली. गळ्यातली नळी अजून होती. बोलायचं झालं की ती नळीच्या तोंडावर बोट ठेवायची, तेव्हा खरखरीत, कुणा परक्याचा वाटावा असा आवाज निघायचा. नळीमामाचा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. बायको शेजारी बसून त्याला चमच्याने पेज भरवत होती.

“बसा, मॅडम,” बायको म्हणाली. “यांना बोलता येत नाही नीट, जबडा बांधलाय. तुम्हालाही येत नाही. छान गप्पा होतील.”

मॅडम हसली. हसताना नळीतून शीळ वाजली.

“परवा चौकशी आहे,” तिने बोट ठेवून सांगितलं. “कुलूपने कानावर हात ठेवलेत. म्हणतो, मी पत्र दिलं होतं, त्यांनी वाचून सही केली.”

नळीमामाने मान हलवली.

“वाचलं होतं?”

“नाही,” तो बांधलेल्या दातांमधून म्हणाला. “सही केली होती.”

“तसंच सांगाल?”

“भावांना सांगून झालंय. त्यांच्यापुढे चौकशी म्हणजे काय मोठी.”

बायकोने चमचा खाली ठेवला. “नोकरी जाईल यांची,” ती म्हणाली. कुणाकडे बघून नाही.

“जाईल,” नळीमामा म्हणाला.

मॅडमने कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला, उलगडला आणि त्याच्या डाव्या हाताखाली ठेवला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला. ओठ हलवत, एक-एक ओळ, शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

पत्र मंगळवारी सकाळी साडेदहाला आलं होतं. एकच पान होतं. त्यात एक क्रमांक दिला होता, जो पाकिटावर छापलेला असतो, आणि रंगाचा उल्लेख कुठेही नव्हता.